बेळगाव-खानापूर भागात सुट्टी आणि जागा: बाहेरून येणाऱ्यांसाठी वाटाड्या

गोव्याला जाता-जाता बेळगावात चहाला थांबलेला माणूस दुसऱ्या खेपेला प्लॉटचा भाव विचारतो, हे इथे नवीन नाही. हवा थंड, पाऊस भरपूर, भाषा आपली आणि जमिनीचे दर पुण्या-पणजीच्या मानाने अजून आवाक्यातले. पण बोलणं मराठीत आणि कागद कन्नडमध्ये अशी इथली गंमत आहे. बाहेरचा माणूस फसतो तो बहुतेक या दोन भाषांच्या फटीत. म्हणून सुट्टी आणि खरेदी असे दोन वेगळे लेख न करता एकच केला आहे. जागा घ्यायचा विचार मनात असेल तर सुट्टीचे चार दिवस हीच जागेची पहिली तपासणी समजा.

कधी यायचं

जागा बघायची तर जुलै-ऑगस्टमध्ये या. धबधबे तेव्हाच भरलेले असतात, हे एक कारण. दुसरं असं की खानापूर तालुक्याचा पश्चिम भाग, म्हणजे जांबोटी, कणकुंबी, चोर्ल्याकडचा पट्टा, काय आहे ते त्या दोन महिन्यांतच कळतं. सलग आठवडाभर सूर्य दिसत नाही, कपडे वाळत नाहीत, वीज जाते, मोबाईलची रेंजही जाते. नोव्हेंबरमध्ये जागा बघून भाळलेला माणूस पुढच्या जुलैत ती विकायला काढतो. जागा घेणाऱ्याने दुसरी फेरी एप्रिलअखेर करावी. एवढा पाऊस पिऊनही जांभ्याच्या जमिनीतल्या विहिरी तेव्हा तळ दाखवतात.

नुसती सुट्टी हवी असेल तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. जिल्ह्याच्या पूर्वेकडे, अथणी-सौंदत्तीच्या बाजूला, हवामान अगदी वेगळं: कोरडं आणि उन्हाळ्यात कडक. ‘बेळगाव जिल्हा म्हणजे थंड हवा’ हे फक्त पश्चिमेला लागू.

काही दिवस टाळावेत, निदान माहीत तरी असावेत. १ नोव्हेंबरला कर्नाटक राज्योत्सव असतो आणि सीमाभागातला मराठी समाज तो काळा दिवस म्हणून पाळतो. त्या दिवशी शहरात बंदोबस्त असतो, दोन्ही राज्यांच्या एसटींचा भरवसा धरू नये. हिवाळ्यात, बहुधा डिसेंबरात, इथल्या सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं. तेव्हा आमदार, अधिकारी, पोलीस आणि मोर्चेवाले यांनी लॉज भरून जातात. खोली मिळाली तरी भाडं नेहमीचं नसतं. शिवजयंती इथे वैशाख शुद्ध द्वितीयेला धरतात. तिची चित्ररथ मिरवणूक रात्रभर चालते आणि पाहण्यासारखी असते, पण मध्यवर्ती गल्ल्यांत गाडी घालायची नाही. गणेश विसर्जनाच्या रात्रीही तेच.

कसं यायचं

पुण्याहून राष्ट्रीय महामार्ग ४८ ने कोल्हापूर, निपाणी, संकेश्वर असं सरळ, सुमारे ३४० किलोमीटर. निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचं पाणी महामार्गावर येऊ शकतं. २०१९ च्या ऑगस्टात वाहतूकच थांबली होती. जोराचा पाऊस असेल तर निघण्याआधी चौकशी करा.

रेल्वे मिरज-लोंढा मार्गावरची. पुणे-हुबळी वंदे भारत सप्टेंबर २०२४ पासून बेळगाववरून जाते. बेंगळुरू-बेळगाव वंदे भारत ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाली. विमानतळ सांबऱ्याला आहे. विमानांची ये-जा हंगामागणिक बदलते, तेव्हा परतीचं तिकीट हातात असल्याशिवाय बेत पक्का करू नका.

गोव्याहून चोर्ला घाट: साखळी, चोर्ला, कणकुंबी, जांबोटी, पिरनवाडी, बेळगाव. दुसरा रस्ता मोले, अनमोड, रामनगर, लोंढा, खानापूर. दोन्हीकडे पावसाळ्यात दरडी आणि धुकं असतं, म्हणून अंधार पडायच्या आत घाट उतरावा. गोव्याची बाटली डिकीत घालून चोर्ल्याने वर येऊ नका. कणकुंबीला अबकारी नाका आहे आणि परवान्याशिवाय ती कर्नाटकात आणणं गुन्हा आहे. ‘एकच आहे साहेब’ इथे चालत नाही.

चार दिवसांचा फेरा

पहिला दिवस शहरात. किल्ल्यातली कमल बस्ती बघा. रट्टांच्या काळातलं, १२०४ चं हे जैन मंदिर. छताला दगडात कोरलेलं उमललेलं कमळ आहे, मान दुखेपर्यंत बघावं. मग कपिलेश्वर आणि कॅम्पातलं मिलिटरी महादेव. संध्याकाळी खडे बाजार, गणपत गल्ली, रामदेव गल्ली पायी फिरा. टिळकवाडी, हिंदवाडी, भाग्यनगर हा मध्यमवर्गीय वस्तीचा भाग, तर शहापूर-वडगाव विणकरांचा. घर घ्यायचं असेल तर या गल्ल्यांत रात्री आठ वाजता चालून बघा. कुठे पाणी तुंबतं, कुठे गाडी लावायला जागा नाही, ते तेव्हाच दिसतं.

दुसरा दिवस दक्षिणेला आणि पश्चिमेला. सकाळी येळ्ळूरचा राजहंसगड. वरून अख्खं शिवार एका नजरेत येतं आणि बळ्ळारी नाला कुठून कसा फिरतो तेही. शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूरच्या शिवारात हा नाला पावसाळ्यात पसरतो आणि भातं पाण्याखाली जातात. त्या बाजूचा ‘स्वस्तातला प्लॉट’ स्वस्त का आहे, याचं उत्तर गडावर फुकट मिळतं. दुपारी जांबोटीमार्गे कणकुंबी. मलप्रभेचा उगम इथलाच, माउलीचं देऊळही इथे. वज्रपोहा धबधबा म्हादई नदीवर आहे. पावसाळ्यात वनखातं तिथे जायला बंदी घालतं, तेव्हा आधी विचारून जा आणि बंदी असेल तर मागे फिरा. कॅसलरॉकहून रुळावरून चालत दूधसागरला जाणं हा रेल्वेचा गुन्हा आहे. मोबाईलवर दिसणारे व्हिडिओ कितीही मोहात पाडोत.

तिसरा दिवस खानापूर, हलशी, नंदगड. हलशी म्हणजे कदंबांची पलाशिका, तिथलं भूवराह-नरसिंहाचं देऊळ बघायचं. नंदगडला संगोळ्ळी रायण्णांची समाधी. २६ जानेवारी १८३१ ला इंग्रजांनी त्यांना तिथेच फाशी दिलं. वेळ उरला तर कित्तूर.

चौथा दिवस गोकाक. घटप्रभा इथे सुमारे ५२ मीटर खाली पडते, वरून झुलता पूल. परत येताना करदंट (सुकामेव्याची मिठाई) आणि लाकडी खेळणी.

खाण्यात कुंदा आणि मांडे ही शहराची ओळख. कुंदा घेताना ‘कधीचा आहे’ एवढं विचारा, नाहीतर घरी पोचेपर्यंत दुधाचा वास बदललेला असतो. खानावळीत कडक भाकरी, भरलं वांगं, शेंगाचटणी. ‘जवारी’ शब्द ऐकलात तर तो गावठी, अस्सल या अर्थाचा: जवारी कोंबडी, जवारी काकडी.

आधी हे ठरवा: तुम्हाला काय घेता येतं?

भारतात राहणारा भारतीय नागरिक इथे शेतजमीनही घेऊ शकतो. कर्नाटकाने २०२० च्या दुरुस्तीने जमीन सुधारणा कायद्यातली ७९-ए आणि ७९-बी ही कलमं काढून टाकली, त्यामुळे शेतकरी असल्याचा दाखला लागत नाही. कमाल धारणेची मर्यादा मात्र आहेच. हद्दीपलीकडे चंदगडात, म्हणजे महाराष्ट्रात, शेतजमिनीला शेतकरी दाखला अजून लागतो. एकाच डोंगराच्या दोन बाजूंना दोन कायदे. पलीकडची जागा ‘बेळगावजवळ’ म्हणून दाखवली जाते तेव्हा गाव कुठल्या राज्यात आहे, हे पहिलं विचारा.

अनिवासी भारतीय आणि ओसीआय कार्डधारक (परदेशी नागरिक असलेले भारतीय वंशाचे लोक) यांना घर, फ्लॅट, दुकान, बिगरशेती प्लॉट घेता येतो. शेतजमीन, मळा, फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारसाने आली तर गोष्ट वेगळी. गोव्यातल्या ज्या मंडळींनी पोर्तुगीज पासपोर्ट काढला आहे त्यांनी हे नीट वाचावं. पासपोर्ट बदलला त्या दिवसापासून कायद्याच्या नजरेत तुम्ही परदेशी आहात. ओसीआय कार्ड काढलं तर घर घेता येईल, पण जांबोटीजवळची काजूची बाग नाही. ती ‘भावाच्या नावावर घेऊ, पैसे माझे’ म्हणून घेणं हा बेनामी व्यवहार होतो, आणि पुढे भावाच्या मुलांनी ती आपलीच आहे म्हटलं तर कोर्टात बोलायला तोंड उरत नाही.

भारतीय वंशाचा नसलेला परदेशी नागरिक बाहेर राहून इथे मालमत्ता घेऊ शकत नाही. ५ वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याने घर घेता येतं. अनिवासी आणि ओसीआय खरेदीदाराचे पैसे एनआरई, एनआरओ या अनिवासींच्या बँक खात्यांतून किंवा बँकेमार्फतच यायला हवेत, रोखीत परकीय चलन नाही. परदेशातून मुखत्यारपत्र पाठवायचं तर वकिलातीत साक्षांकित किंवा अपोस्टील करून पाठवा आणि भारतात पोचल्यापासून ३ महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरा. ही मुदत हुकली की ऐन रजिस्ट्रीच्या दिवशी अडतं.

उतारा वाचायला शिका

महाराष्ट्रात सातबारा, इथे आरटीसी. गावात त्याला उतारा किंवा पहाणीच म्हणतात. कर्नाटक सरकारच्या ‘भूमी’ पोर्टलवर तो सर्व्हे नंबर आणि हिश्शावरून निघतो. एजंटाने व्हॉट्सॲपवर पाठवलेला उतारा बघून खुश होऊ नका. स्वतः ताजा काढा.

पहिली चूक क्षेत्रात होते. महाराष्ट्रात हेक्टर-आर लिहितात, इथे एकर-गुंठा. उताऱ्यावर १-२० दिसलं की कोल्हापूरकर ते १ हेक्टर २० आर वाचतो. तेवढं क्षेत्र जवळजवळ २ एकर ३८ गुंठे होतं. इथे त्याचा अर्थ १ एकर २० गुंठे, म्हणजे ६० गुंठे. निम्म्याचा फरक. एकराचे गुंठे ४०, गुंठ्याचे आणे १६ आणि १ गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, हे पाठच करा.

क्षेत्राजवळच ‘खराब’ लिहिलेलं असतं, अ आणि ब. अ-खराब म्हणजे पिकाला नालायक पण खातेदाराचंच. ब-खराब म्हणजे रस्ता, नाला, तलाव अशी सार्वजनिक जागा. तिचे पैसे द्यायचे नाहीत. विकणारा मात्र ती धरूनच एकर सांगतो.

९ नंबरच्या रकान्यात मालकांची नावं असतात. नावांपुढे ‘जंटी’ असेल तर खातं सामाईक आहे, सगळ्यांच्या सह्या लागणार. १० नंबरमध्ये जमीन कशी आली ते फेरफार क्रमांकासह: ‘क्रय’ म्हणजे खरेदीने, ‘पौती’ म्हणजे वारसाने. आणि ११ नंबर म्हणजे बोजाचा रकाना. इथे ‘साल’ हा शब्द दिसला की मराठी डोळा त्यापुढचा आकडा वर्ष समजून पुढे जातो. कन्नडमध्ये साल म्हणजे कर्ज. ‘साल’, मग सोसायटीचं किंवा बँकेचं नाव, मग रक्कम: ती जमीन तारण आहे. फेडल्याचा दाखला आणि बोजा उतरवलेला नवा उतारा हातात आल्याशिवाय पुढे सरकू नका. याच रकान्यात ‘तडेयाज्ञे’ दिसलं तर कोर्टाची स्थगिती आहे. ‘भोग्य’ म्हणजे ताबेगहाण. १२ नंबरमध्ये कसणाऱ्याचं नाव असतं. ते मालकाहून वेगळं असेल तर कूळ आहे का, ते विचारा.

याशिवाय ‘अरण्य’, ‘सरकार’, ‘गोमाळ’ (गायरान), ‘देवस्थान’, ‘इनाम’, ‘केरे’ (तलाव), ‘हळ्ळ’ (ओढा) हे शब्द ओळखता आले पाहिजेत. त्यातला एकही मालकाच्या किंवा बोजाच्या रकान्यात असेल तर आधी वकील, मग चहा.

गंमत अशी की जुने कागद उलट आहेत. १९५६ पर्यंत हा भाग मुंबई राज्यात होता, त्यामुळे आजोबांच्या वेळची खरेदीखतं मराठीत सापडतात, काही तर मोडीत. कन्नड वकील ती बाजूला सारतो आणि मराठी खरेदीदार नव्या कागदांना हात लावत नाही. मधल्या वर्षांत जमीन कोणाची झाली हे कुणीच वाचलेलं नसतं. मोडी वाचणारा शोधा, दोन दिवस जातील, जाऊ द्या.

कागद कोणत्या क्रमाने तपासायचे

१. ताजा उतारा, आणि मागच्या ३० वर्षांचे उतारे व फेरफार. साखळी कुठेही तुटता कामा नये. वारसाच्या नोंदीत फक्त भावांची नावं असतील तर बहिणी विचारा. कर्नाटकात मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत हिस्सा देणारी दुरुस्ती १९९४ ची, देशभरातली २००५ ची. ‘बहिणींना लग्नात दिलंय’ हे कायद्यात कुठेच नाही. बहिणींना सहीला आणा, किंवा त्यांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र बघा.

२. ऋणभार प्रमाणपत्र, म्हणजे ईसी. नोंदणी खात्याच्या ‘कावेरी’ पोर्टलवर १ एप्रिल २००४ नंतरचं मिळतं. त्याआधीचं सब-रजिस्ट्रार कचेरीत अर्ज करून घ्यावं लागतं आणि कंटाळा तिथेच केला जातो. फॉर्म १५ मध्ये व्यवहारांची यादी येते, फॉर्म १६ म्हणजे त्या काळात नोंद नाही.

३. जमिनीचा मूळ प्रकार. सरकारने अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबाला दिलेली जमीन असेल तर १९७८ च्या पीटीसीएल कायद्याने सरकारच्या परवानगीशिवाय झालेली विक्री रद्द होते. २०२३ च्या दुरुस्तीनंतर त्याला मुदतीची आडकाठीही उरली नाही. चार हात बदललेली जमीनसुद्धा परत जाऊ शकते. वतन-इनामाची असेल तर ती धारकाला परत मंजूर केल्याचा हुकूम बघा.

४. मोजणी. सर्व्हे नंबरातला तुकडा घ्यायचा असेल तर ११-ई नकाशा (त्या तुकड्याचा मोजणी नकाशा) लागतो, त्याशिवाय नोंदणी होत नाही. अर्ज ‘मोजिणी’ यंत्रणेतून (शब्द आपलाच, सरकारी नाव होऊन परत आला). सर्व्हेअर येतो त्या दिवशी स्वतः हजर राहा आणि शेजारच्या शेतकऱ्यांनाही बोलवा. बांधाचं भांडण असेल तर ते त्याच दिवशी बाहेर येतं, आणि तेव्हा आलेलं स्वस्त पडतं.

५. रस्ता. कागदावर रस्ता नसेल तर ‘आम्ही इथूनच जातो’ याला किंमत नाही. शेजाऱ्याशी बिनसलं की तारेचं कुंपण येतं.

६. संपादन. शहराभोवती हलगा-मच्छे बायपास आणि रिंगरोड यांच्या अधिसूचनांत आपला सर्व्हे नंबर आहे का ते बघा.

बिगरशेती प्लॉट आणि शहरातलं घर

शेतीचे गुंठे पाडून शंभराच्या बाँडवर विकायची जुनी खोड या भागात आहे. बाँडवरच्या विक्रीने मालकी येत नाही. पाणीपट्टी, वीजबिल, घरपट्टी तुमच्या नावाने झाली तरी नाही. नीट प्लॉट म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांचा बिगरशेती हुकूम, बुडाने (नगरविकास प्राधिकरण) किंवा नगररचना खात्याने मंजूर केलेला लेआऊट, आणि ई-खाते (मालमत्तेची ऑनलाइन सरकारी नोंद). ग्रामपंचायत हद्दीत हे ई-स्वत्तू या पंचायतींच्या ऑनलाइन यंत्रणेचं फॉर्म ९ आणि फॉर्म ११-ए असं दोन कागदांचं असतं. नुसतं ११-बी दिलं तर थांबा. मंजूर लेआऊटच्या बाहेरच्या जागेला तेच मिळतं, आणि त्यावर बँक कर्ज द्यायला कुरकुरते. जागा ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त किंवा फ्लॅट ८ पेक्षा जास्त असतील तर रेरा नोंदणी लागते. लेआऊटच्या नकाशावरचं उद्यान आणि सार्वजनिक जागा प्रत्यक्ष कुठे आहे तेही चालून बघा. पुष्कळदा तिथे ‘स्पेशल कोपऱ्याचा प्लॉट’ उभा असतो.

जुन्या शहरात सिटी सर्व्हे उतारा बघायचा. कॅम्पातले बंगले देखणे आहेत, पण जमीन बहुतेकदा संरक्षण खात्याची, जुन्या शर्तींवर दिलेली. छावणीच्या नोंदवहीतला उतारा आणि विक्रीची परवानगी नसेल तर ते घर बघून आनंद घ्या आणि पुढे चला.

जंगलालगतची जागा

भीमगड अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झालं. आत आमगाव, गवाळी, कृष्णापूर, हेम्माडगा अशी गावं आहेत. तिथे घर बांधायचं स्वप्न बघू नका. तळेवाडीच्या कुटुंबांनी नुकसानभरपाई घेऊन गाव सोडायला सुरुवात केली आहे. पश्चिम घाटाच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राचा मसुदा जुलै २०२४ मध्ये पुन्हा निघाला, त्यात खानापूरची गावं आहेत. त्यातली बंदी खाणी, क्रशर, लाल वर्गातले (सर्वांत जास्त प्रदूषण करणारे) कारखाने आणि २०,००० चौरस मीटरपासूनच्या मोठ्या बांधकामांवर. छोट्या घराला त्याने अडत नाही, पण ‘इथे मोठं रिसॉर्ट होणार, भाव दुप्पट होईल’ असं सांगणाऱ्याला हा मसुदा दाखवा.

स्वतःच्या जमिनीतलं झाडसुद्धा १९७६ च्या वृक्षसंरक्षण कायद्याने परवानगीशिवाय तोडता येत नाही, थोड्या जाती सोडल्या तर. प्लॉट सपाट करताना जेसीबीवाल्याला हे सांगून ठेवा, दंड त्याला नाही, तुम्हाला होतो. रात्री गवे येतात. कुंपण आणि भाजीचा वाफा यांचा खर्च त्या हिशेबाने धरा.

पाया खोदण्याआधी मातीचा रंग बघा. पश्चिमेकडे तांबडी आणि खाली जांभा: चिरा जवळच मिळतो, पाया स्वस्तात उभा राहतो, पण पाणी धरत नाही. बेळगावच्या पूर्वेला व अनगोळ-येळ्ळूरकडे काळी: भिजली की फुगते, सुकली की भेगाळते. वरवरच्या पायावर बांधलेली भिंत दोन पावसाळ्यांत तिरकी चिरते. कठीण थरापर्यंत खोदा, मुरूम भरा. त्यासाठी अंदाजपत्रक फुगलं तरी चालेल.

पैसे किती लागतात

समजा ग्रामपंचायत हद्दीतला बिगरशेती प्लॉट ३० लाखांचा आहे. मुद्रांक शुल्क ५ टक्के, १,५०,००० रुपये. त्या शुल्कावर १० टक्के उपकर, १५,०००. अधिभार शुल्काच्या ३ टक्के, ४,५०० (शहरात २ टक्के, ३,०००). नोंदणी शुल्क ३१ ऑगस्ट २०२५ पासून १ वरून २ टक्के झालं, ६०,०००. एकूण २,२९,५००. फ्लॅटच्या पहिल्या विक्रीला ४५ लाखांपर्यंत कमी दर आहेत, प्लॉटला नाहीत. शुल्क ठरतं ते तुमची किंमत आणि सरकारी गायडन्स व्हॅल्यू (आपला रेडी रेकनर) यांतल्या मोठ्या आकड्यावर. कागदावर किंमत कमी दाखवून उरलेली रोख द्यायचा सल्ला मिळेलच. पुढे विकताना तो नफा तुमच्या बोकांडी बसतो, आणि व्यवहार फिसकटला तर रोख गेलीच.

५० लाख किंवा जास्तीच्या व्यवहारात (शेतजमीन सोडून) १ टक्का टीडीएस खरेदीदाराने कापून भरायचा. विकणारा अनिवासी असेल तर दर बराच जास्त आणि ५० लाखांची अटही नाही. हे न कापल्यास आयकर खातं खरेदीदाराला धरतं. विक्रेता कुठे राहतो हे संचकारपत्राआधीच विचारा.

संचकारपत्र म्हणजे आपलं साठेखत. विसार चेकने किंवा खात्यावरच द्या. त्यात मुदत, उतारा कोरा करून देण्याची जबाबदारी आणि कागद नीट नसल्यास विसार परत, या तीन गोष्टी लिहून घ्या आणि संचकारपत्र नोंदवा.

रजिस्ट्रीचा दिवस आणि नंतर

दस्त कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत होतो. बाँड रायटरकडून (दस्त लिहिणाऱ्याकडून) मसुदा दोन दिवस आधी मागून घ्या आणि कन्नड वाचणाऱ्या आपल्या माणसाकडून (एजंटाच्या नव्हे) ओळ न ओळ मराठीत ऐका. चतुःसीमा खास ऐका: पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण हे शब्द दोन्ही भाषांत तेच आहेत, त्यामुळे तिथे चूक झाली तर ती समजून केलेली असते. ‘कावेरी’वर अर्ज आणि कागद चढवले की सब-रजिस्ट्रार तपासतात, मग शुल्क भरून वेळ घ्यायची. त्या दिवशी विकणारा, घेणारा, दोन साक्षीदार, आधार, पॅन, फोटो, अंगठा.

शेतजमिनीची नोंद तिथून भूमीकडे जाते, नोटिशीची मुदत संपली की फेरफार होतो. हे आपोआप होतं म्हणून परत जाऊन झोपू नका, दोन महिन्यांनी उतारा काढून ९ नंबरला आपलं नाव बघा. नाव चुकीच्या अक्षरात बसलं असेल तर लगेच अर्ज करा: ‘पाटील’चं ‘पाटिल’ झालेलं पुढे आधार जोडताना नडतं. प्लॉट असेल तर ई-खाते बदलून घ्या, मग हेस्कॉमची वीज, मग पाणी. महाराष्ट्रातली किंवा गोव्याची गाडी इथे १२ महिन्यांच्या वर ठेवायची तर इथली नोंदणी करावी लागते.

आणि वर्षातून एकदा, घरपट्टी भरायच्या वेळी, उतारा पुन्हा काढा. ११ नंबरमध्ये काही नवीन आलं आहे का, तेवढंच बघायचं असतं.